माय मरो पण मावशी उरो… आणि मॉन्ट्रियलचे उंदीर

(पहाट, मागच्या पडवीत चुलीवर तापणारं पाणी)

वेंगुर्ल्याकडचं हे एक घर. काकू पाय लांब करून बसल्यात, नडगीवर दीड महिन्याचं पोर पालथं, आणि हाताला कोमट खोबरेल. पोरगं बोंबलतंय आणि काकू आपल्या सुरात, "उगी रे झिला, झालाच आता". मग निखाऱ्यावर ओवा न् वावडिंगाची धुरी. (धुराबद्दल बालरोगतज्ज्ञ ओरडतात आणि ते बरोबरच आहे, बाळाच्या फुप्फुसाला धूर नकोच.) पण आपल्याला आज ना तेलाबद्दल बोलायचंय ना धुरीबद्दल, बोलायचंय या हातांबद्दल.

(लॅब, पिंजऱ्यात उंदरीण)

कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल युनिव्हर्सिटीत मायकेल मीनी आणि त्यांची टीम वर्षानुवर्षं तासन् तास एकच गोष्ट मोजत बसली, उंदरीण पिल्लांना किती चाटते. काही आया सारख्या चाटतात, काही कमी. कमी चाटणारी वाईट आई नव्हे हां, दूध ती तेवढंच पाजते, पिल्लं चांगली वाढतात. फरक दिसतो पुढे, पिल्लं मोठी झाल्यावर. 1997 साली सायन्स या शोधपत्रिकेत छापून आलं की जास्त चाटलेल्या पिल्लांना घाबरवलं तर त्यांचे स्ट्रेसचे हॉर्मोन कमी चढतात आणि लवकर खाली येतात. कारण मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात त्या हॉर्मोनला ओळखणारे रिसेप्टर त्यांच्यात जास्त असतात. रिसेप्टरला कळतं की हॉर्मोन पुरे झालं, आणि मेंदू नळ बंद करतो. कमी चाटलेल्यांचा नळ गळतच राहतो. भीतीचं केंद्र म्हणजे अमिग्डाला, तिथेही फरक. डायझेपामसारख्या घाबरटपणावरच्या गोळ्या जिथे जाऊन बसतात ती जागाच जास्त चाटलेल्या पिल्लांत जास्त.

आता कुणी म्हणेल त्यात काय, खाण तशी माती, शांत आईची शांत पोरं, रक्तातच असणार. म्हणून त्यांनी पिल्लं बदलली! जन्मल्या जन्मल्या कमी चाटणारीची पिल्लं जास्त चाटणारीच्या कुशीत ठेवली, आणि पिल्लं निघाली वाढवणाऱ्या आईसारखी. एवढंच नाही, त्यातल्या माद्या मोठ्या होऊन स्वतः आया झाल्या तेव्हा त्याही भरपूर चाटायला लागल्या. 1999 चा पेपर आहे हा.

मग 2004 मध्ये मीनी आणि मोशे झिफ यांच्या टीमने आत काय घडतं ते दाखवलं. हिप्पोकॅम्पसमधला तो रिसेप्टर बनवणारा जीन सगळ्या पिल्लांत तोच, पण त्याच्यावर मिथाइल नावाचे छोटे रासायनिक टॅग बसतात, टॅग जास्त तर जीन गप्प. चाटण्याने हे टॅग उतरतात, आणि तेही मुख्यतः जन्माच्या पहिल्या आठवड्यात. कमी चाटलेल्या मादी पिल्लांच्या मेंदूत आईपणाशी संबंधित भागातही असंच काहीसं होतं, इस्ट्रोजेन या मादी-हॉर्मोनचे रिसेप्टर कमी पडले की ऑक्सिटोसिन या माया लावणाऱ्या हॉर्मोनचेही वाढत नाहीत, मग ती पण कमीच चाटते.

माणसांत हे इतकं सरळ नाही. 2009 मध्ये लहानपणी छळ सोसलेल्या, पुढे आत्महत्या केलेल्या 12 जणांच्या मेंदूत त्याच जीनवर जास्त टॅग सापडले, पण 12 मेंदू म्हणजे फारच थोडे, आणि माणूस म्हणजे उंदीर नव्हे.

मला मात्र सगळ्यात जास्त लागलेला प्रयोग वेगळाच. जास्त चाटणारी उंदरीण गरोदर असताना तिला रोज स्ट्रेस दिला, तर ती पण कमी चाटायला लागली. म्हणजे आईचं मन कसं आहे असं विचारतो ना आपण, त्याआधी विचारायला हवं की तिच्या अंगावर काय काय पडलंय.

(बंदर, जाळी विणणारे हात)

काकूंच्या हातातल्या त्या बाळाची आई सातव्या महिन्यापर्यंत काजूच्या कारखान्यात होती, बसून बसून पाय सुजलेले. सव्वीस आठवड्यांची पगारी रजा कायद्यात 2017 पासून आहे, पण तिची मजुरी रोजंदारीची, कुणाकडे मागणार? बाप ट्रॉलरवर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद म्हणून तो यंदा घरी सापडला, आणि रात्रीचं पोर खांद्यावर घेऊन फिरणं त्यानेच केलं.

काकूंना विचारलं, हे सगळं तुमच्या आईकडून शिकलात ना? हसल्या.

"आवस गेली तेवा मी चार दिसांची. मावशेन वाढयलां माका."

माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ते मॉन्ट्रियलला सिद्ध करायला किती उंदीर लागले बघा.

(संध्याकाळ)

आज 31 जुलै. बाप जाळं भरतोय, पहाटे होडी सुटणार. बाळाची आई पायरीवर बसून आभाळाकडे बघतेय, वारा कसा आहे ते. आत काकू पोराला दुपट्यात गुंडाळतायत आणि म्हणतायत, जा गे बाय, जरा पड तू, मी आसय.