नोंद कुणाची, मागणारा कोण?

मंडळी, जन्माचा किंवा मृत्यूचा दाखला ऑनलाइन मागताना दोन वेगळे प्रश्न उभे राहतात. मागणारा माणूस खरोखर तोच आहे का, हा पहिला. त्या नोंदीवर त्याचा काही हक्क आहे का, हा दुसरा. आपल्याकडे आज सगळी धडपड पहिल्या प्रश्नासाठी चाललेली असते. दुसरा कुणी नीट विचारतच नाही, आणि सामान्य माणूस अडतो तो तिथेच.

जगात याची उत्तरं निरनिराळी आहेत. इंग्लंड-वेल्समध्ये कुणीही कुणाचाही जन्मदाखला मागवू शकतो, कारण ती नोंदवही सार्वजनिक आहे. मात्र दाखल्यावरच छापलेलं असतं की हा कागद ओळखीचा पुरावा नाही. मला हे प्रामाणिक वाटतं. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत उलट आहे: दाखला स्वतःला, आईवडिलांना, जवळच्या नातलगांना. तिथे ऑनलाइन मागणी केली की पुष्कळदा पतइतिहासातून, म्हणजे कर्जं आणि परतफेडीच्या जुन्या नोंदींतून, प्रश्न येतात. पूर्वी कोणत्या पत्त्यावर राहत होता? कोणत्या बँकेचं कर्ज होतं? २०१५ साली तिथल्या करखात्याच्या संकेतस्थळावर चोरांनी याच जातीच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली आणि ३ लाखांहून अधिक करदात्यांची माहिती धोक्यात आली. चोराकडे उत्तरं तयार होती. आणि नुकतंच तिकडे गेलेलं आपलं एखादं मराठी कुटुंब? लेकराच्या ओसीआयसाठी (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड) त्याचा जन्मदाखला हवा असतो, पण पतइतिहासच नाही, मग प्रश्न कशावरून विचारणार?

आता आपल्याकडे या. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याचं कलम १७ सांगतं की कुणीही नोंदीचा शोध घ्यायला लावू शकतो, दाखला मागू शकतो. फक्त मृत्यूच्या दाखल्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही. किती विचारपूर्वक आखलेली रेघ आहे ही! मृत्यू झाला हे गावाला माहीतच असतं, वारसनोंदीला आणि विम्याला तेवढं पुरतं. आजार कोणता होता, ते त्या घराचं.

या कायद्यावर आपण ओटीपी आणून बसवला. ओटीपी काय सिद्ध करतो? या क्षणी तो मोबाइल कुणाच्या हातात आहे, एवढंच. खेड्यातल्या कितीतरी आज्यांच्या आधारला नंबर मुलाचा जोडलेला असतो, आणि मुलगा असतो भोसरीला नाहीतर भिवंडीला. नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला मागायला ती सेवा केंद्रात बसते, ओटीपी जातो तिकडे, मुलगा फोनवर आकडे सांगतो, केंद्रवाला ते टाकतो. संगणकाच्या लेखी ओळख पटली. खरं तर तिला कुणी ओळखलंच नाही. तिला ओळखणारा ग्रामसेवक शेजारच्या खोलीत बसलेला असतो.

याहून अवघड गोष्ट नावाची. लग्नानंतर आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, पूर्वी तर सर्रास पहिलं नावही बदलायचे. जन्माच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कित्येक जुन्या नोंदींत बाळाचं नावच नाही. वडिलांचं नाव आणि पुढे ‘स्त्री’ एवढंच. बाई खरी, नोंदही खरी, पण यंत्राला दोन्ही जुळत नाहीत. अशा वेळी लग्नाचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, राजपत्रातली नावबदलाची नोंद हे कागद माणसाने समोर ठेवून वाचावे लागतात. त्याला बटण नाही.

आणखी एक गुंता. १ ऑक्टोबर २०२३ पासून दुरुस्त कायदा लागू झाला. त्यानंतर जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत, आधार काढण्यासाठीसुद्धा, जन्मतारखेचा पुरावा म्हणजे जन्मदाखलाच. उलट आधारच्या कायद्यातच म्हटलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही; आणि वय ठरवायला तो पुरेसा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात सांगितलं. म्हणजे आधारला दाखल्याचा टेकू, आणि दाखला मागायला पुन्हा आधार. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. या चक्रात कागद नसलेला माणूस अडकू नये, ही काळजी सगळ्यात आधी महाराष्ट्राने वाहायला हवी.

बनावट संकेतस्थळांबद्दल थोडक्यात: दाखल्यावरचा क्यूआर कोड उघडला की पत्ता कुठला येतो ते वाचा. पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा भाग ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने संपत नसेल तर पैसे भरू नका. आधारची प्रत द्यावीच लागली तर पहिले ८ आकडे झाकलेली द्या.

नोंदणी कार्यालयांकडे माझं मागणं साधं आहे. ऑनलाइन ओळख जुळली नाही म्हणून अर्ज बंद करू नका. नेमकं काय जुळलं नाही, त्याऐवजी कोणता कागद चालेल आणि तो घेऊन कोणत्या टेबलावर यायचं, हे अर्जदाराला मराठीत लेखी कळवा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांचा अर्ज खिडकीवर घ्या, आणि त्याची पोच द्या.