निऑन म्हणू नका हो त्याला! | पिकॅडिली सर्कसच्या बदलत्या पाट्या

नमस्कार. मागे पंख्याचा आवाज येतोय, तो येऊ दे. मे महिना आहे, मी परळला राहतो, पंखा बंद होणार नाही.

तर विषय पिकॅडिली सर्कस. सध्या लंडनला गेलेला प्रत्येक मराठी माणूस त्या भल्यामोठ्या वळणदार स्क्रीनसमोर उभं राहून रील काढतो, वर लिहितो ‘निऑन नाइट्स’, आणि तुम्ही लोक मला टॅग करता. ‘दादा, ह्यावर बोला.’ बोलतो. पण पहिल्यांदा ते निऑन लिहिणं थांबवा. निऑन म्हणजे वायू भरून विजेवर पेटवलेली काचेची नळी, आणि तिथं निऑन नाहीये. २०११ सालीच संपलं.

इतिहास पटकन उरकतो, कारण तो कुठेही मिळेल. चौक १८१९ सालचा. सर्कस म्हणजे लॅटिनमध्ये गोल, आपलं खोदादाद सर्कल तसं. हत्ती नव्हते, वाघ नव्हते, कॉमेंटमध्ये विचारणं बंद करा. आणि गंमत म्हणजे आता तो गोलही नाही. १८८६च्या सुमारास शाफ्ट्सबरी अ‍ॅव्हेन्यूचा रस्ता काढला तेव्हा गोलाई मोडली. तिथल्या पंखवाल्या पुतळ्याला सगळे इरॉस म्हणतात, तो खरं तर इरॉसचा भाऊ अँटेरॉस. मला तर इरॉस म्हटलं की चर्चगेट स्टेशनसमोरचं थिएटरच दिसतं, त्यामुळे मी कोण बोलणार. विजेची पहिली जाहिरात १९०८ साली लागली. पेरिये, म्हणजे बाटलीतलं पाणी. ती बल्बची होती. निऑन नंतर आलं. झाला इतिहास.

आता माझं दुखणं. माझा मामा लालबागला निऑनच्या पाट्या बनवायचा. लहानपणी मे महिन्याची सुट्टी त्याच्या गाळ्यात गेली, म्हणून मला हे सोडवत नाही. गेल्या वर्षी आमच्या आतेबहिणीने लग्नात स्टेजमागे लावायला लोहार चाळीतून ‘निऑन’ पाटी आणली. दुकानदाराने निऑन म्हणूनच विकली. मी हात लावला तर मऊ! सिलिकॉनची पट्टी, आत बारीक एलईडी. काचच नाही, वायू नाही, कसलं निऑन? मी हे हॉलवर बोललो आणि आत्या माझ्याशी दोन महिने बोलली नाही. बरोबर आहे तिचं, वेळ चुकली. मुद्दा चुकला नव्हता.

(टेबलावरून काचेची नळी उचलून) हे बघा. ही मामाची. आतून पोकळ, करंगळीपेक्षा बारीक. मामा कागदावर अक्षर उलटं काढायचा, आरशात दिसतं तसं, कारण नळी तोंड खाली करून वाकवत जायची. बर्नरच्या ज्योतीवर काच मऊ करायची, आणि एका टोकाला रबरी नळी लावून ती तोंडात धरायची. का? काच वाकवताना कोपऱ्यात चपटी होते, मग हळूच फुंकर मारून तिचा गोलवा परत आणायचा. जास्त फुंकली तर फुगा. कमी फुंकली तर चिमटा. तोंडात ती नळी असल्यामुळे मामा कामात कधी बोलायचा नाही, फक्त भुवयांनी शिव्या द्यायचा.

आता नीट ऐका, ह्यातच सगळं आहे. एका नळीला दोन टोकं. फक्त दोन. दोन्हीकडे इलेक्ट्रोड, मध्ये हवा काढून थोडासा वायू भरलेला, आणि ट्रान्सफॉर्मरमधून हजारो व्होल्ट. शाळेत आपण पेन न उचलता पाकिटाचं चित्र काढायचो ना, मागच्या बाकावर बसून? तेच. अख्खा शब्द पेन न उचलता. आणि आपली लिपी त्याला किती छळते बघा. शिरोरेषेवरून जाताना ‘ह’साठी खाली उतरायचं, त्याचं वळण घ्यायचं, परत वर यायचं. पेन उचलता येत नाही, मग नळी मागच्या बाजूने वर आणायची आणि ती मागची बाजू काळ्या रंगाने झाकायची. मामा म्हणायचा, इंग्रजी पाटीचे पैसे कमी घे, मराठीचे जास्त. गिऱ्हाईक उलट समजायचं.

एक नळी, एक रंग. निऑन वायूचा रंग लाल-नारिंगी, दुसरा नाहीच. निळा हवा तर आर्गॉन आणि पारा. बाकी रंगांना काचेला आतून लेप, नाहीतर काचच रंगीत. म्हणजे पाटीवर लाल अक्षराचं निळं झालेलं दिसलं, तर तिथं दोन नळ्या आहेत. एक विझली, दुसरी पेटली. नळी तीच राहून रंग बदलला, असं होत नाही.

‘पण दादा, जुन्या पाट्या हलायच्या की.’ नाही हलायच्या! गणपतीत मंडपावर दिवे धावतात, ते धावतात का? एक विझतो, शेजारचा पेटतो, धावतो आपला डोळा. निऑनमध्ये बाटली तिरकी होऊन पेल्यात ओतायची असेल, तर उभ्या बाटलीची एक नळी, अर्धी कललेलीची दुसरी, आडवीची तिसरी. तिन्ही कायम तिथेच बसलेल्या. मागे एक मोटर फिरते, आळीपाळीने वीज देते.

पटत नसेल तर अजून एक सांगतो आणि मग गप्प बसतो. जुनी निऑन पाटी दुपारी बघायची. दुपारी तिन्ही बाटल्या एकावर एक दिसतात, राखाडी, जाळं पडल्यासारख्या. पाटीला जे जे होता येतं ते सगळं तुम्हाला एकदम दिसतं. आणि एलईडी बंद असताना बघा. काळी फळी. काहीच दिसत नाही, कारण तिला ठरलेलं रूपच नाही. आपल्या लोकलच्या कपाळावर कल्याणचा ‘क’ येतो, मग त्याच जागी इंग्रजीतला येतो. ठिपके तेच. मोठ्या स्क्रीनवर प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे, आणि असे लाखो ठिपके. त्यातून बाटलीही होते, गाडीही होते, कुणाचा चेहराही होतो.

म्हणून पिकॅडिलीत काय बदललं ते बघा. निऑनच्या काळात जाहिरात बदलायची म्हणजे परांची बांधा, काच उतरवा, नवी काच वाकवा. मग लोक वर्षानुवर्षं बदलायचेच नाहीत. सान्योची पाटी १९७८ ते २०११, तेहतीस वर्षं. तिथलं शेवटचं निऑन तेच, तिच्या जागी ह्युंदाईची एलईडी आली. टीडीके कंपनीची १९९० ते २०१५. कोका-कोला तर १९५४पासून आहेच, मधे पाट्या बदलल्या तरी. एवढी वर्षं एकच नाव एका जागी दिसलं की ते जाहिरात राहत नाही, पत्ता होतं. ‘सान्योच्या खाली भेट.’ आता म्हणून बघा ‘ह्या जाहिरातीखाली भेट’, तुम्ही रस्ता ओलांडेपर्यंत तिथं शॅम्पू आलेला असतो.

२०१७च्या जानेवारीत सगळं बंद करून सहा वेगवेगळ्या स्क्रीन काढल्या आणि ऑक्टोबरमध्ये एकच सलग स्क्रीन सुरू केली, जवळजवळ ८०० चौरस मीटर. वाटलं तर सहा तुकडे दाखवते, वाटलं तर अख्खी एक. त्याआधी एवढा मोठा अंधार पडला होता तो दुसऱ्या महायुद्धात, १९३९ला दिवे गेले ते १९४९ला आले. त्यानंतर चर्चिल आणि डायना यांच्या अंत्यविधीला थोडा वेळ विझवले होते.

एकाने लिहिलंय, ‘मराठीत बोलता आणि विषय लंडनचा, लाज वाटते का?’ नाही वाटत. ऐका. निऑन वायू सापडला १८९८ साली, लंडनमध्येच, विल्यम रामसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांना. हाच रामसे जमशेटजी टाटांच्या बोलावण्यावरून भारतात आला आणि भारतीय विज्ञान संस्थेसाठी बंगळूर सुचवून गेला. आणि ट्रॅव्हर्स त्या संस्थेचा पहिला संचालक. आता सांगा विषय कुणाचा.

दुसरा म्हणतो, तिकडचं बघा आणि आपले होर्डिंग बघा. त्यावर मी हसणार नाही. १३ मे २०२४ला घाटकोपरला १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पडलं, १७ माणसं गेली. पिकॅडिलीची स्क्रीन इमारतीच्या अंगावर बसवलेली आहे, आपलं ते खांबांवर उभं होतं, वाऱ्याला शीड मिळाल्यासारखं. त्यावर वेगळा व्हिडिओ करेन, दोन वाक्यांत नाही.

आणि तिसरा, ‘तुम्ही स्वतः गेलात का लंडनला?’ नाही. तिकीट काढा, जातो.

बरं, शेवटी एक दाखवतो. (लाइट बंद करून) ही मामाची उरलेली पाटी, ‘चहा’. एका उडुप्याने ऑर्डर देऊन नेलीच नाही. एक नळी, दोन टोकं, पेन उचललेलं नाही. लावतो. ... लागली! बघा तो लाल. कॅमेऱ्यात तो गुलाबी दिसेल, तसा नाहीये, गॅसवर तवा विसरलात तर तळाशी दिसतो ना, त्या जवळपासचा. काना जरा लपलपतोय. ऐकू येतंय का गुणगुणणं? तो ट्रान्सफॉर्मर.

थांबा, मामाचाच फोन आहे. हां मामा. हो, लावली. हो, स्टूलवर ठेवलीय. लोखंडी. बरं बरं, करतो बंद.