‘वुई वॉन्ट केलेब!’

25 सप्टेंबर 2021. ओक्लाहोमातलं नॉर्मन गाव. 80 हजारांचं स्टेडियम, अमेरिकन फुटबॉलचा रात्रीचा सामना, विद्यापीठांचा. यजमान ओक्लाहोमा, समोर वेस्ट व्हर्जिनिया. आणि विद्यार्थ्यांच्या गॅलरीतून एकच ओरड : ‘वुई वॉन्ट केलेब!’

गंमत अशी, की ओक्लाहोमा या मोसमात तोवर एकही सामना हरलेला नाही. क्वार्टरबॅक, म्हणजे प्रत्येक चाल सुरू करणारा आणि पास टाकणारा खेळाडू, आहे स्पेन्सर रॅटलर. मोसम सुरू होण्याआधी हाइझमन करंडकासाठी, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूच्या बक्षिसासाठी, सगळ्यांत आधी नाव घेतलं जायचं ते याचंच. आणि त्याला बसवून ज्याला आणा म्हणताहेत, तो केलेब विल्यम्स पहिल्या वर्षाचा पोरगा.

लोक चिडले होते ते जिंकण्याच्या तऱ्हेवर. टुलेनला 40-35, नेब्रास्काला 23-16. प्रशिक्षक लिंकन रायलीच्या हाताखाली 2017 आणि 2018 असे लागोपाठ दोन हाइझमन विजेते क्वार्टरबॅक खेळले होते. त्या गावाला रडतखडत जिंकणं पचेना. त्या रात्री शेवटची चाल रॅटलरनंच रचली, अखेरच्या किकवर सामना 16-13 असा जिंकला. पण ओरड व्हायची ती झालीच होती.

क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलून बघता येतो, दोन षटकं याला, दोन त्याला. क्वार्टरबॅकचं तसं नसतं. एक खेळतो, दुसरा हेल्मेट घेऊन रेषेबाहेर उभा.

9 ऑक्टोबर. डॅलसचं कॉटन बोल. बाहेर टेक्सासची जत्रा, आत बरोबर मधोमध वाटलेलं स्टेडियम : अर्धं टेक्सासचं नारिंगी, अर्धं ओक्लाहोमाचं किरमिजी. पहिल्याच चालीवर टेक्सासचा 75 यार्डांचा टचडाउन, म्हणजे चेंडू थेट मैदानाच्या पलीकडच्या टोकाला. पहिलं सत्र संपताना फलक 28-7, टेक्सास पुढे.

दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. दुसऱ्या सत्रात ओक्लाहोमाचा चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न. हवा आहे फक्त एक यार्ड. रायली तेवढ्यापुरतं केलेबला आत पाठवतो. पोरगा चेंडू घेतो, फटीतून निसटतो आणि पळत सुटतो तो थेट 66 यार्ड.

तरीही पुढच्या वेळी रॅटलरच परत आला. मग त्याच्या हातून चेंडू गेला, आणि रायलीचा धीरही. त्याला बसवून केलेबला आणलं. रॅटलरला हे मैदान नवं नव्हतं. वर्षभरापूर्वी इथंच, याच टेक्साससमोर त्याला बसवलं होतं. तेव्हा तो परत येऊन चार जादा डावांनंतर जिंकला होता. या वेळी तो परत आला फक्त एका चालीसाठी. चौथ्या सत्रात टचडाउननंतरचा, बरोबरी साधून देणारा दोन गुणांचा पास त्यानं टाकला आणि निमूट बाहेर गेला. मला विचाराल तर अख्ख्या सामन्यातली सगळ्यांत अवघड चाल तीच.

तीन सेकंद उरले असताना ओक्लाहोमाचा केनेडी ब्रूक्स 33 यार्ड धावला. 55-48, ओक्लाहोमा जिंकलं. आणि ज्या दोघांवरून एवढं रामायण, त्यांच्यापैकी कोणीच ती चाल सुरू केली नाही. चेंडू थेट ब्रूक्सच्याच हातात आला होता.

पुढचा क्वार्टरबॅक कोण, हे सांगायला रायली तयार नव्हता. विद्यापीठाच्या विद्यार्थी वर्तमानपत्रानं, कोणालाही जाता येतं अशा कॅम्पसवरच्या एका इमारतीतून सराव पाहिला आणि छापून टाकलं : पहिल्या फळीबरोबर केलेब. रायलीनं पत्रकारांची भेटच रद्द केली.

मग आले नव्याचे नऊ दिवस. टीसीयूविरुद्ध (टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठ) 52-31, टेक्सास टेकविरुद्ध 52-21. मोसमातले नऊ सामने, नऊ विजय. 13 नोव्हेंबरला वेकोमध्ये बेलरनं 27-14 असं हरवलं, आणि त्या दिवशी मध्येच बसवला गेला तो केलेब! आत आला रॅटलर. थोड्याच वेळात पुन्हा केलेब.

27 नोव्हेंबरला ओक्लाहोमा स्टेटनं 37-33 असं हरवलं. दुसऱ्याच दिवशी रायलीनं नॉर्मन सोडलं आणि लॉस एंजेलिसचं यूएससी, म्हणजे सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, गाठलं. केलेब त्याच्या मागोमाग गेला. 2022 चा हाइझमन त्यानं तिथं जिंकला. रॅटलर साउथ कॅरोलायनाला गेला. तिथं नोव्हेंबर 2022 मध्ये एका रात्री त्यानं टेनेसीविरुद्ध सहा टचडाउन पास टाकले, आणि गॅलरीतून कोणी दुसऱ्याचं नाव घेतलं नाही.