टेनिसची पहिली पकड

नमस्कार श्रोतेहो.

टेनिस शिकायला येणारी मंडळी, आणि त्यांच्याहूनही जास्त त्यांचे आईवडील, पहिला प्रश्न विचारतात तो रॅकेट कुठल्या कंपनीची घ्यावी हा. मी म्हणते, कंपनीचं नंतर बघू. आधी हात त्या दांड्यावर कुठे बसणार आहे ते ठरवू. रॅकेट दोन-तीन वर्षांत बदलली जाते, पण सुरुवातीच्या महिन्यांत हाताला जी पकड लागते ती सहजासहजी सुटत नाही. म्हणून आज फक्त पकडीबद्दल बोलणार आहे.

जवळ रॅकेट असेल तर हातात घ्या. नसेल तर मी सांगते ते डोळ्यांपुढे आणा. रॅकेटचा दांडा गोल नसतो. त्याला आठ सपाट बाजू असतात, आणि अंधारातही त्या बोटांना कळतात. रॅकेटची कड जमिनीकडे राहील असा दांडा समोर आडवा धरा. दांड्याची सर्वांत वरची बाजू ती पहिली. आता दांड्याच्या बुडाकडून बघत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजा: दुसरी उजवीकडची तिरकी, तिसरी उजवीकडची उभी, चौथी त्याखालची तिरकी आणि पाचवी अगदी तळाची. डावखुऱ्यांनी उलट्या दिशेने मोजायचं. तर्जनी तळहाताला जिथे मिळते तिथलं हाड हाताला लागतं ना, ते यांतल्या कुठल्या बाजूवर टेकतं, एवढंच बघायचं. दुसरीवर टेकलं तर कॉन्टिनेंटल पकड, तिसरीवर ईस्टर्न, चौथीवर सेमी-वेस्टर्न, पाचवीवर वेस्टर्न.

इतक्या पकडी आल्या कुठून? चेंडू किती उंच उसळतो, यातून. विम्बल्डनच्या गवतावर चेंडू जेमतेम गुडघ्याएवढा यायचा. तो खालून उचलायला कॉन्टिनेंटल सोयीची होती आणि १९३४ ते १९३६ अशी सलग तीन वर्षं विम्बल्डन जिंकणारा फ्रेड पेरी त्याच पकडीने खेळला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाची सार्वजनिक कोर्टं सिमेंटची. तिथे चेंडू छातीपर्यंत, खांद्यापर्यंत उडायचा, म्हणून तिकडच्या मुलांचा हात आपोआप दांड्याखाली सरकला. सॅन फ्रान्सिस्कोचा बिल जॉन्स्टन अंगाने किरकोळ होता, पण वेस्टर्न पकडीच्या फोरहँडवर, म्हणजे तळहाताच्या बाजूने मारायच्या फटक्यावर, त्याने १९१५ आणि १९१९ साली अमेरिकेचं विजेतेपद मिळवलं. १९१९ च्या अंतिम सामन्यात त्याने हरवलं ते फिलाडेल्फियाच्या बिल टिल्डनला. टिल्डनचा फोरहँड ईस्टर्न पकडीचा होता. त्या पराभवात त्याचा बॅकहँड, म्हणजे हाताच्या पाठीकडून मारायचा फटका, उघडा पडला. तो हिवाळाभर बंदिस्त कोर्टवर राबला, बॅकहँड पहिल्यापासून पुन्हा बांधला आणि १९२० साली अंतिम सामन्यात जॉन्स्टनला हरवून विजेता झाला. तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. चाळिशीत रॅकेट हातात घेतलेले लोक मला विचारतात की आता या वयात हात वळेल का. त्यांना मी ही हकिकत आवर्जून सांगते.

आता आपल्यासारख्या नवशिक्याने फोरहँडसाठी काय निवडावं? माझं उत्तर ठाम आहे: ईस्टर्न. डाव्या हाताने रॅकेट तिच्या गळ्याशी, म्हणजे दांडा आणि तोंड जुळतात तिथे, धरा, उजवा तळहात गटिंगवर, म्हणजे तारांच्या जाळीवर, सपाट ठेवा आणि तसाच खाली सरकवत दांड्यावर आणून मूठ मिटा. पकड झाली. यात तळहात आणि रॅकेटचं तोंड एकाच दिशेला असतं. त्यामुळे चेंडू आपण हातानेच मारतोय असं वाटतं आणि तो कुठे जाईल याचा अंदाज पटकन येतो. कमरेच्या उंचीचा चेंडू या पकडीने सरळ आणि भक्कम जातो, आणि शिकताना समोरून येणारे बहुतेक चेंडू त्याच उंचीचे असतात. टॉपस्पिनची, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने गिरकी देण्याची, गोडी लागली, चेंडू छातीशी येऊ लागले, की हात एक बाजू पुढे, सेमी-वेस्टर्नवर सरकवायला वेळ लागत नाही. टीव्हीवर नदाल किंवा श्वियाँतेकचा फोरहँड बघून पहिल्याच आठवड्यात हात दांड्याखाली घालू नका. त्या पकडीला रॅकेटचा वेग लागतो, पाय लागतात. ते नसतील तर चेंडू नेटमध्ये जातो, आणि खाली राहिलेला चेंडू तर उचलताच येत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मला पालकांशी थोडं कडक बोलायचं आहे. सात-आठ वर्षांच्या मुलाला नेहमीचा पिवळा चेंडू दिला तर तो त्याच्या डोक्याएवढा उसळतो. मूल बिचारं काय करणार? ते हात दांड्याखाली नेतं आणि टोकाची वेस्टर्न पकड पक्की होऊन बसते. ही मुलाची खोड नव्हे, चेंडूच चुकीचा दिलेला असतो. म्हणूनच मऊ, कमी उसळणारे लाल, नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे चेंडू आहेत. लाल सगळ्यांत संथ, मग नारिंगी, मग हिरवा. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २०१२ पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू बंदच केला. तुमच्या जवळच्या कोर्टवर लहान मुलं अजून पिवळ्या चेंडूवर शिकत असतील, तर प्रशिक्षकांना जरूर विचारा. मुलाची पकड योग्य चेंडूने सुधारेल, महागड्या रॅकेटने नाही.

बॅकहँड बहुतेकांनी दोन्ही हातांनी सुरू करावा. उजवा हात दुसऱ्या क्रमांकाच्या बाजूवर, आणि त्याच्या वर डावा हात, जणू डाव्या हाताचा फोरहँडच. एका हाताचा बॅकहँड सुंदर दिसतो हे खरं. त्यासाठी हाड पहिल्या, म्हणजे वरच्या बाजूवर आणावं लागतं आणि चेंडू शरीराच्या बराच पुढे भेटावा लागतो. पुढे हौस असेल तर शिका.

आणि मूठ आवळू नका. नवीन माणूस रॅकेट इतकी घट्ट धरतो की अर्ध्या तासात कोपरापासून मनगटापर्यंतचा हात दगड होतो. दोन फटक्यांच्या मध्ये रॅकेटचं वजन डाव्या हाताने गळ्याशी पेलायचं. उजवा हात सैल राहतो, आणि पकड बदलायची असेल तेव्हा डाव्या हातानेच दांडा फिरवून द्यायचा.

आता दांड्याच्या जाडीबद्दल. दांड्याच्या बुडाशी एल २, एल ३ असे आकडे असतात. एल २ म्हणजे सव्वाचार इंच घेर, एल ४ म्हणजे साडेचार इंच. दर आकड्याला साधारण तीन मिलिमीटरचा फरक. ईस्टर्न पकडीत रॅकेट धरा. बोटांची टोकं आणि तळहात यांच्या फटीत दुसऱ्या हाताची तर्जनी अलगद बसली, की माप बरोबर. बोट शिरतच नसेल तर दांडा बारीक आहे, आणि बोट घालूनही फट उरत असेल तर जाड. दोन मापांत घोळ झाला तर लहान घ्या, कारण वर ओव्हरग्रिप, म्हणजे पातळ पट्टी, गुंडाळून साधारण अर्धं माप वाढवता येतं. जाड दांडा तासून कमी करणं कठीण. चुकीच्या जाडीने टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, होतोच, असं कोणी छातीठोक सांगितलं तर घाबरून जाऊ नका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दांडा पाव इंचाने कमी-जास्त करूनही, दुखणं नसलेल्या महाविद्यालयीन खेळाडूंच्या हातांच्या स्नायूंवर लक्षणीय फरक दिसला नव्हता. माप हाताला बरं वाटण्यासाठी बघा. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत, मुंबईत, कोकणात, गोव्यात, घामाने दांडा हातात फिरतो. तिथे ओला झाल्यावर जास्त चिकटणारा, कोरड्या कापडासारखा ओव्हरग्रिप घ्या आणि तो गुळगुळीत झाला की लगेच बदला. चेक खेळाडू इव्हान लेंडल तर घामासाठी खिशात लाकडाचा भुसा ठेवायचा.

सर्व्हिसचा, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या फटक्याचा, विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथे होताना मी बघते. फोरहँडची पकड चेंडूच्या उंचीप्रमाणे बदलते. सर्व्हिसचा चेंडू आपणच वर टाकतो, त्यामुळे तिथे निवडीचा प्रश्नच नाही. कॉन्टिनेंटल घ्यायची. हातोडी धरून भिंतीत खिळा ठोकतो, तशी. रॅकेट कडेने चेंडूकडे वर जाते, शेवटच्या क्षणी कोपराखालचा हात आतून बाहेर वळतो आणि तोंड चेंडूवर सपाट येतं. वेग त्या वळण्यातून येतो, स्पिनही त्यातूनच येतो. पुण्यात बालेवाडीला २०१९ साली महाराष्ट्र ओपनचा अंतिम सामना केविन अँडरसन आणि इवो कार्लोविच यांच्यात झाला. दोघेही दोन मीटरहून उंच, दोघांचीही सर्व्हिस तोफेसारखी सुटायची. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी झाल्यावरच्या निर्णायक गेममध्ये, गेले. ज्यांनी तो सामना पाहिला त्यांनी हातांचं ते वळणं आठवून बघा.

नवशिका मात्र तळहात आकाशाकडे करून, रॅकेटचं तोंड आधीपासून पुढे ठेवून चेंडू ढकलतो. चेंडू आत पडतो, सोबतचे म्हणतात "झालं की!", आणि सवय लागते. वर्षभराने तो माणूस कॉन्टिनेंटल करून बघतो, तर चेंडू डावीकडे तिरका पळतो आणि नेटमध्ये अडकतो. तो वैतागून परत ढकलायला लागतो. अहो, पकड बदलली आणि हात अजून वळायला शिकला नाही, म्हणून चेंडू डावीकडे जातो. ती पहिली पायरीच आहे. हात वळला की चेंडू सरळ होतो. व्हॉली (चेंडू टप्पा पडण्याआधीच मारणं) आणि स्मॅश (डोक्यावरून जोरात मारणं) यांनाही हीच पकड लागते, म्हणून एकदा बसली की तीन फटक्यांचं काम होतं.

तेव्हा सुरुवातीचे दोन महिने गुण मोजून सामने खेळू नका. गुण मोजले की कशीही करून सर्व्हिस आत टाकावीशी वाटते. रॅली खालून चेंडू टाकून सुरू करा, आणि सर्व्हिसचा सराव वेगळा करा. आधी बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवर, न जाता नेटजवळच्या सर्व्हिस लाइनवर उभे राहा, दांडा थोडा वरून धरा, हाड दुसऱ्या क्रमांकाच्या बाजूवर आहे ना हे प्रत्येक चेंडूआधी बोटाने तपासा आणि चेंडू नेटपलीकडे जातो की नाही याकडे पहिले काही दिवस अजिबात बघू नका. कोपराखालचा हात वळला का, एवढंच बघा. तो वळायला लागला की एक-एक पाऊल मागे सरकत बेसलाइनपर्यंत या.