घरच्या फोटोसाठी कपड्यांचा मेळ

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी ते संक्रांत हा आपल्या नागपुरात घरादाराचा फोटो काढून घ्यायचा हंगाम. पुण्या-मुंबईची मुलं घरी आलेली असतात, ऊन सोसवतं, आजी-आबांनाही तासभर बाहेर बसवतं. फोटोग्राफर ठरतो, तारीख ठरते, आणि कपड्यांचं मात्र ‘सगळे एकच रंग घालू’ एवढ्यावर भागवलं जातं. आज बोलायचं आहे ते याच कपड्यांबद्दल.

फोटोत माणसं एकमेकांना खेटून बसतात. समजा घरात सहा जण आहेत. सहाही जणांचे कपडे एकाच ताग्यातले असले, की एकाचा खांदा कुठे संपला आणि दुसऱ्याचा दंड कुठे सुरू झाला हे कळतच नाही. एका रंगाचा मोठा पट्टा तेवढा दिसतो आणि चेहरे हरवतात. पांढरा शर्ट आणि निळी जीन्स ही जोडी वेगळ्या कारणानं फसते. एकाचा शर्ट नवा, एकाचा नीळ घातलेला, एकाचा धुऊन धुऊन पिवळसर. घरात ते सगळे पांढरेच वाटतात, पण उन्हात शेजारी-शेजारी आले की तीन वेगळे पांढरे दिसतात, आणि पिवळसर असेल तो मळका वाटतो. जीन्सच्या निळ्याचंही तेच.

म्हणून सुरुवात रंगापासून करू नका, एका कपड्यापासून करा. घरात ज्याचा कपडा बदलणं सर्वांत अवघड, त्याचा कपडा आधी ठरवा. बहुतेक घरी ती आजी असते. समजा आजी कोशाची, म्हणजे टसर रेशमाची साडी नेसणार आहे, आपल्या विदर्भातली, करवती काठाची. अंग मधाच्या रंगाचं, काठ मरून. कोसा फोटोसाठी फार चांगला. त्याला चमक असते, पण ती मऊ असते, उजेड अंगावरून परत फेकत नाही. या साडीतून दोन रंग मिळाले, मध आणि मरून. तिसरा थंडावा देणारा घ्या, गडद मोरपंखी किंवा नीळसर राखाडी. आता वाटणी करा. आईला मोरपंखी साधी साडी, बाबांना मोतिया कुर्ता आणि वर नीळसर राखाडी जाकीट, आबांना फिकट बदामी कुर्ता. दहावीतल्या मुलीला मरून कुर्ता, तोही आजीच्या काठापेक्षा एक छटा उतरता. चार वर्षांच्या धाकट्याला मोरपंखी, पण त्याला आईच्या मांडीवर बसवू नका, आबांजवळ बसवा. एक रंग शेजारी-शेजारी आला की पुन्हा तोच पट्टा तयार होतो.

नक्षीचे कपडे सहांत दोघांनीच घालावेत, आणि त्या दोघांमध्ये एक साधा कपडा असावा. बारीक रेघांचा किंवा बारीक चौकडीचा शर्ट मात्र बाजूलाच ठेवा. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर उजेड टिपणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात. कापडावरच्या रेघा तितक्याच दाट असल्या की दोन्हींची गुंतागुंत होऊन शर्टावर इंद्रधनुषी लहरी उमटतात. मागाहून त्या पुसणं फार किचकट जातं.

भडक रंगांचा त्रास चेहऱ्याला होतो, हे कमी लोकांच्या लक्षात येतं. झगझगीत पोपटी किंवा संत्री कापडावर ऊन पडलं की तो रंग वर उसळून हनुवटीखाली आणि गळ्यावर बसतो. गोऱ्या-सावळ्या दोन्ही वर्णांवर तो दिसतो, लहान मुलांवर तर जास्तच. साटिन आणि टिकल्यांचं काम फ्लॅशमध्ये पांढरं फटक होतं. मॅट, म्हणजे फार न चमकणारं कापड घ्या: सुती, खादी, कोसा, लिनन.

नवीन शिवायचं असेल तर तीन आठवडे हाताशी ठेवा. लग्नसराईत शिंप्याकडे त्याहून कमी वेळात काम होत नाही. इतवारी-गांधीबागेत किंवा बर्डीवर कापड घ्यायला जाताना आजीची साडी पिशवीत न्या, आठवणीवर रंग जुळवू नका. आणि दुकानातल्या दिव्याखाली जुळलेला रंग दारात, दिवसाच्या उजेडात पुन्हा पाहा. दोन कापडांचे रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी रंगवलेले असतात, त्यामुळे ट्यूबलाइटखाली एकसारखे वाटणारे मरून उन्हात एक तपकिरी आणि एक जांभळट निघतात. मोठ्या माणसाच्या लांब बाह्यांच्या कुर्त्याला 36 इंच पन्ह्याचं कापड साधारण अडीच ते तीन मीटर लागतं. खादी आणि सुती कापड आटतं, म्हणून शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून द्या.

जागेचाही विचार हवाच. फुटाळ्यावर संध्याकाळी तलावाकडे पाठ करून बसलात, तर सूर्य मागून येतो. गडद कपडे काळे ठिक्कर पडतात, तिथे फिकट रंग बरे. सेमिनरी हिल्सच्या झाडीत हिरवा कपडा मिसळून जातो. मार्चनंतर तिथलंच गवत वाळून पिवळं पडतं, मग मोहरी रंग हरवतो. महालातल्या जुन्या वाड्याच्या काळपट सागवानी दारासमोर मोतिया, हळदी, फिकट गुलाबी खुलतात. डिसेंबरात नागपूरला साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान सूर्य मावळतो, तेव्हा सव्वाचारला कपडे घालून जागेवर असायला हवं. सकाळची वेळ घेतली असेल तर थंडी लक्षात घ्या. ऐन वेळी लाल-निळा स्वेटर चढला की सगळी जुळवाजुळव वाया जाते. आतून थर्मल घाला, किंवा शालीचा आणि जाकिटाचा रंग आधीच या मेळात धरा.

फोटोच्या आठवडाभर आधी एक काम नक्की करा. सकाळी नऊच्या सुमारास गच्चीवर सावलीत पांढरी चादर अंथरा. ज्या क्रमानं बसणार त्याच क्रमानं सगळे कपडे तिच्यावर मांडा, ओढण्या, जाकिटं आणि चपलांसकट. मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून पाहा. फिकट, मध्यम, गडद असे तीन टप्पे दिसले तर जमलं. सगळं एकाच करड्या रंगात गेलं, तर एक-दोन कपडे बदला. टोकाच्या माणसाचा कपडाच सर्वांत पांढरा दिसत असेल, तर त्याला मध्ये घ्या, नाहीतर पाहणाऱ्याची नजर कडेलाच अडकते.

मग सगळं अंगावर घालून पाच मिनिटं बसा. उभं राहून छान दिसणारा शर्ट बसल्यावर बटणांमधून फाकतो. पॅन्ट वर सरकते आणि भलत्याच रंगाचे मोजे दिसतात. सतरंजीवर बसणार असाल तर तळपायही फोटोत येतात, हे ध्यानात असू द्या. लहान मुलाचा कपडा एकदा धुऊनच घाला, नव्या जाळीचा फ्रॉक टोचला की ते मूल हसणार नाही, आणि त्याचा दोष मुलाचा नाही.

आबांच्या चष्म्याकडेही पाहा. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर बाहेरच्या फोटोत डोळे दिसणार नाहीत, थंडीत त्या काचा अधिकच गडद होतात. साध्या काचांचा जुना चष्मा घरात असेल तर तो सोबत न्या. खिशातले मोबाइल, किल्ल्या, पाकीट काढून ठेवा, मुलीच्या मनगटावरचा केसांचा रबरही. खळ दिलेला सुती कुर्ता ऑटोत किंवा गाडीत बसला की चुरगळतो, तो हँगरवर न्या आणि जागेवर घाला. धाकट्याला सगळ्यांत शेवटी कपडे घाला, आणि तोवर त्याच्या हाती संत्र्याची फोड देऊ नका.

नमस्कार.