थांबायला जागा हवी

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे टक्कर. हो, टक्कर. कॅरमच्या बोर्डावर स्ट्रायकर सोंगटीला लागतो ती टक्कर. खिळ्यावर हातोडी पडते ती टक्कर. देवळाच्या पायरीवर नारळ आपटतो, तीही टक्करच. शाळेत हे सगळं ‘बल आणि गती’च्या धड्यात होतं, आणि परीक्षा संपल्यावर आपण ते पुस्तकासकट रद्दीत घातलं. म्हणून आज त्यातली एकच गोष्ट सांगणार आहे. दोन-तीनदा सांगेन, कंटाळू नका.

गोष्ट अशी. हलती वस्तू कधी ना कधी थांबतेच. थांबताना तिला जागा किती मिळाली, त्यावर धक्का किती बसणार हे ठरतं. जागा जास्त, तर धक्का कमी. जागा कमी, तर धक्का जास्त. पायरीचा दगड तसूभर दबत नाही, म्हणून नारळ फुटतो. तोच नारळ तेवढ्याच जोरानं गादीवर आपटत बसा, संध्याकाळपर्यंत नैवेद्य काही होणार नाही. जागा जास्त, धक्का कमी.

हे मला कॉलेजात समजलं नाही. ते समजलं पुण्याच्या गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, पहाटे, कलिंगडांच्या ट्रकसमोर.

माझ्या काकांचा तिथे फळांचा गाळा होता. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. उन्हाळ्यात रात्रभर कलिंगडांचे ट्रक येत. आताच्या मुलांना वाटतं कलिंगड म्हणजे ती गडद सालीची, दीड-दोन किलोची, फ्रीजच्या कप्प्यात मावणारी. तेव्हाची कलिंगडं म्हणजे पाच-सहा किलोचा ऐवज. एक कापलं की वाड्यातल्या चार बिऱ्हाडांत फोडी जायच्या. माणसं घटली म्हणून बाजारानं कलिंगडसुद्धा लहान केलं. असो.

तर ट्रकमध्ये पेंढा अंथरून त्यावर कलिंगडं सुटी रचलेली असत. ती उतरवायला हमालांची साखळी लागे. एक जण वर ट्रकमध्ये, एक खाली, एक गाळ्याच्या तोंडाशी, एक आत थप्पी लावणारा. वरचा टाकतो, खालचा झेलतो, पुढच्याकडे देतो. मोजणी मोठ्यानं, आणि पहिल्या फळाला ‘एक’ नाही म्हणायचं, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन... आणि आकडा आणि फळ यांची लय कुठे चुकत नसे. खाली झेलायला असत तात्या. वय साठीच्या पुढे, वजन असेल पन्नास किलो, तेही पागोट्यासकट. आख्खा ट्रक उतरायचा, पण तात्यांच्या हातून एकाही फळाला चीर जात नसे.

त्या दिवशी माझा आतेभाऊ आला होता. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, वर्गात पहिला, आणि शिवाय तालमीत जाणारा. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडायच्या. थोडा वेळ तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, “तात्या, तुम्ही बसा जरा. मी घेतो.” तात्यांनी काकांकडे पाहिलं. काकांनी बंडीच्या खिशातून तपकिरीची डबी काढली. म्हणजे परवानगी.

आतेभाऊ उभा राहिला. पाय रोवले, हात पुढे ताठ केले, भिंतीसारखा. वरून आवाज आला, “लाभ!” आणि पाच किलोचं कलिंगड खाली आलं. ते त्याच्या हातांवर आदळलं, ‘तड्’ असा आवाज झाला, आणि उभी चीर जाऊन अर्धं कलिंगड त्याच्या शर्टावर, अर्धं चपलांवर. सगळा गाळा हसला. हा म्हणाला, “हे पिकलेलं होतं जास्त.” दुसरं आलं. ते त्यानं छातीशी घट्ट धरलं. फळ वाचलं, पण ह्याचा श्वास गेला; डोळे पांढरे करून उभा. तिसरं बोटांवर आलं आणि निसटून थेट जमिनीवर. काका शांतपणे म्हणाले, “नोकरी लागली की पहिल्या पगारातून तीन कलिंगडं वजा.” वास्तविक दोनच फुटली होती. पण काका व्यापारी.

मग तात्या उठले. म्हणाले, “सायेब, त्याला आडवू नगा. येऊ द्या.” आणि त्यांनी करून दाखवलं. फळ वर असतानाच हात उंच करून त्याला गाठायचं. लागल्या क्षणी हात मागे घ्यायला सुरुवात करायची, फळाबरोबरच खाली यायचं, गुडघ्यात वाकायचं. फळ मांडीपाशी येईतो त्याचा जोर सरलेला. उरला असेल तेवढ्यावरच कमरेतून वळून ते पुढच्याच्या हातात. मी ते हात बघत होतो. त्यांनी कलिंगडाला विरोध असा केलाच नाही. त्याच्यासोबत ते दीडेक हात चालत गेले, एवढंच.

आतेभाऊ शेवटी इंजिनिअर. त्यानं पावतीबुकाची मागची बाजू घेतली आणि गणित मांडलं. वजन पाच किलो. वरच्याच्या हातातून ह्याच्या हातापर्यंत सव्वा मीटरचं पडणं. म्हणजे हातात येताना वेग सेकंदाला पाच मीटर, ताशी १८ किलोमीटर. सायकल जरा जोरात मारली तर जेवढा, तेवढाच. त्या वेगामुळे फळात जी ऊर्जा असते तिला गतिज ऊर्जा म्हणतात. ती निघाली साडेबासष्ट ज्यूल. आता ही ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायलाच हवी, तेव्हाच फळ थांबणार. ताठ हातांनी थांबवलं तर फार तर पाच सेंटिमीटरात थांबतं. तेवढ्यात ते थांबवायला हातांना जोर लावावा लागतो १३०० न्यूटन. आपल्या भाषेत, १३० किलोचं ओझं हातावर ठेवल्यावर पडेल एवढा. आणि जेवढा धक्का हातांना, नेमका तेवढाच उलटा धक्का कलिंगडाला. न्यूटनचा तिसरा नियम. म्हणून बिचाऱ्याचं पोट फुटलं. तात्या तेच फळ पन्नास सेंटिमीटरात थांबवतात. जागा दहापट. जोर किती? फळाचं स्वतःचं वजन दोन्हीकडे धरून, १७५ न्यूटन. साडेसतरा किलोचं ओझं.

तेच कलिंगड, तोच वेग, तीच ऊर्जा. एकाच्या हातावर १३० किलो आणि दुसऱ्याच्या हातावर साडेसतरा. जागा जास्त, धक्का कमी.

आतेभावानं हे सगळं मोठ्या उत्साहानं तात्यांना वाचून दाखवलं. १३० वरून साडेसतरा! तात्यांनी तो कागद हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि काकांकडे बघून म्हणाले, “म्हंजी आता साडेसतरा किलोचीच हमाली देनार व्हय मालक?”

काकांनी तपकीर ओढली आणि शिंक आल्याचं निमित्त करून विषय बदलला.

हमालीवरून आठवलं म्हणून सांगतो. ह्याच महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी आणि हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पोतं शंभर किलोऐवजी पन्नासाचं असावं एवढ्या साध्या मागणीसाठी हमालांना भांडावं लागलं. ओझं मोजायचा काटा आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, पण तो काटा पोत्यापुरताच, पाठीसाठी नाही. आणि पुण्यात कधी ‘कष्टाची भाकर’मध्ये जेवला नसाल तर जेवून या, हमाल पंचायत चालवते ते. बरं, विषयाकडे.

दुसरी गोष्ट वेगाची. वेग दुप्पट झाला तर गतिज ऊर्जा दुप्पट होत नाही, चौपट होते. हे साधं वाटतं, पण युरोपात ह्यावर चांगली भांडणं झाली. अठराव्या शतकात हॉलंडमधल्या लायडनला ग्रावेसांडे नावाच्या प्राध्यापकानं मऊ मातीवर पितळेचे गोळे उंचावरून टाकून पाहिले. दुप्पट वेगानं पडलेला गोळा मातीत दुप्पट रुतायला हवा ना? तो चौपट रुतला. हा प्रयोग हाती धरून १७४०च्या आपल्या पुस्तकात वाद मांडला तो एमिली द्यु शातले ह्या फ्रेंच विदुषीनं. न्यूटनचा मुख्य ग्रंथ फ्रेंचमध्ये आणला तोही तिनंच. आपल्या पाठ्यपुस्तकांत न्यूटनचा फोटो असतो, टोपासकट. ह्या बाईंचं साधं नावही नसतं. मला विचाराल तर सफरचंदाच्या गोष्टीला दिलेली जागा थोडी कमी करून तिथे हा मातीचा प्रयोग घालावा. तो मुलांना अंगणात करता येतो, सफरचंदाचं काय करणार?

आता ही चौपट रस्त्यावर आणू. ताशी ४० किलोमीटरनं गाडी आपटली, तर तो वेग म्हणजे दुसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडल्यावर येतो तेवढा. ताशी ८० असेल तर? चौथ्या मजल्यावरून नाही. आठव्या मजल्यावरून. वेग दुप्पट, ऊर्जा चौपट. परत सांगतो, वेग दुप्पट, ऊर्जा चौपट.

लोक म्हणतात, जुन्या गाड्या कशा भक्कम होत्या, आताच्या म्हणजे नुसती डबडी, जरा लागलं की पुढचा भाग चेपला. अहो, तो चेपायलाच केलेला असतो! पुढचा भाग अर्धा-पाऊण मीटर चुरगळतो, म्हणून आत बसलेल्याला थांबायला अर्धा-पाऊण मीटर मिळतो. मर्सिडीजनं अशी रचना १९५९ साली विकायच्या मोटारीत आणली. त्याच वर्षी व्होल्वोनं कमरेवरून आणि खांद्यावरून जाणारा पट्टा आणला. तो बनवणारे निल्स बोहलिन आधी विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या करत. आणि कंपनीनं तो पट्टा इतरांनाही वापरायला मोकळा ठेवला. असं आज कोण करील?

पट्टा नसेल तर काय होतं? गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. तुम्ही मूळच्याच वेगानं पुढे जाता आणि चार-पाच सेंटिमीटरात थांबता, काचेवर नाहीतर डॅशबोर्डवर. मागे बसलेला थांबतो पुढच्याच्या पाठीवर. “मागे काय गरज आहे पट्ट्याची?” असं म्हणणाऱ्याच्या पुढच्या सीटवर बसू नये, असं माझं मत आहे. आणि मांडीवर मूल घेऊन पुढे बसणाऱ्या आयाबायांना हात जोडून सांगतो. दहा किलोचं मूल, ताशी ४० चा वेग. टक्कर झाली तर त्याला धरून ठेवायला, चुरगळणारी गाडी धरूनही, शंभर किलोच्या आसपास जोर लागतो. कितीही माया असली तरी तेवढा जोर कुणाच्या हातात नसतो.

आणि ते पुढे लावलेले लोखंडी दांडे! चकचकीत स्टीलचे, मिरवायला. चुरगळायची जागाच बंद करून टाकतात, आणि समोर पादचारी आला तर त्याच्या मांडीला मऊ पत्र्याऐवजी लोखंड. केंद्र सरकारनं २०१७ साली राज्यांना ह्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. आमच्या गल्लीत तरीही आहेत, काहींवर ‘आईचा आशीर्वाद’ असंही लिहिलंय.

वेळ संपत आली, म्हणून हेल्मेटचं एवढंच. पुण्याचे काही श्रोते आता रेडिओ बंद करतील, त्यांना नमस्कार. बाकीच्यांनी ऐका. हेल्मेटचं काम बाहेरचं कडक कवच एकटं करत नाही. आतला दोन-तीन सेंटिमीटरचा थर्माकोलचा थर चेपतो, आणि डोक्याला थांबायला जी काय जागा मिळते ती तेवढीच. दोन-तीन सेंटिमीटर. एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा फुगत नाही, म्हणून अपघातात आपटलेलं हेल्मेट वरून कितीही नवं दिसलं तरी बदला. पट्टा हनुवटीखाली लावा, नाहीतर डोकं आपटायच्या आधीच हेल्मेट निघून जातं. आणि रस्त्याकडेला मिळणारी ती वाटीसारखी स्वस्त हेल्मेटं घेताना आतलं कापड बोटानं बाजूला सारून बघा. खाली पांढरा किंवा काळा जाड थर्माकोल नसेल, नुसतं प्लॅस्टिक लागलं, तर परत ठेवा. विकणारा कुरकुरला तर कुरकुरू दे.

नमस्कार.