स्टोन गेला, नळी राहिली

मागून हा जो घरघर आवाज येतोय ना, तो कूलरचा आहे. शूटिंगपुरता बंद करा म्हणाला होता आमचा कॅमेरावाला, मी म्हटलं मे महिन्यात नागपुरात भरदुपारी कूलर बंद करून दाखव बे, मग तोही गप बसला.

महाल भागातल्या या खोलीत मी चौदा दिवस काढले. पडून काढले असंही नाही, कारण दर अर्ध्या तासाला बाथरूम. मुतखड्याचं ऑपरेशन दुर्बिणीचं होतं, लघवीच्या वाटेनंच आत जाऊन लेझरनं स्टोन फोडला, पोटावर एक टाकाही नाही, दुसऱ्या दिवशी घरी. त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण हेच विचारायचा, स्टोन तर निघाला ना, मंग आता काय दुखून राहिलं?

तर हे दुखून राहिलं. हा एक्स-रे बघा. मणक्याच्या बाजूनं पांढरी रेघ दिसते, वर एक वेटोळं आणि खाली एक, हा डीजे स्टेंट. दोन्ही टोकं इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली म्हणून डबल जे. साधारण २५ सेंटिमीटरची मऊ नळी, किडनीपासून मूत्राशयापर्यंत. ऑपरेशननंतर आतली वाट सुजते, सुजली की लघवी अडते आणि परत तीच कळ, म्हणून ही आत ठेवून देतात.

पण खालचं वेटोळं मूत्राशयाला टोचत राहतं, त्यामुळे आत दोन थेंब असले तरी वाटतं आता पळा. आणि लघवी करताना कमरेत सणकन कळ जाते ती वेगळीच, एरवी मूत्राशय आवळलं की वर जायची वाट आपोआप मिटते, नळीमुळे ती उघडीच राहते आणि सगळा दाब सरळ किडनीवर. हे कोणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या रात्री मी रडलो नसतो, मला वाटलं दुसरा स्टोन सरकला.

पाचव्या दिवशी बडकस चौकापर्यंत पायी जाऊन आलो, तर लघवी एकदम गुलाब सरबत. घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाले चाललं की नळी घासते, पाणी प्या, पडून राहा, पण रक्ताच्या गाठी पडल्या, थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच थांबली तर रात्री बारालाही या.

आराम कशानं पडला म्हणाल तर एक रात्रीची गोळी, टॅमसुलोसिन, ती नळीभोवतीचे स्नायू सैल करते (उठताना मात्र हळू उठायचं, चक्कर येते). दुसरी गरम पाण्याची पिशवी. बाहेर ४५ डिग्री, समोर कूलर, आणि मी कमरेला पिशवी लावून बसलेलो, शेजारच्या काकू बघून हसत होत्या. आणि तिसरी आई. हा स्टीलचा तांब्या तिचाच. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे असं सांगितलं होतं, पण इथल्या उन्हात अर्धं पाणी घामातच जाते ना बाप्पा, तीन लिटर पिऊनही पिवळी ती पिवळीच. संत्र्यांचा सीझन नाही, मग लिंबू. लिंबातलं सायट्रेट नवीन खडा जमू देत नाही लवकर. मित्रांचा सल्ला एकच, बिअर पी, त्यांना आईनं दारातूनच वापस पाठवलं.

भिंतीवर कॅलेंडर दिसतंय ना, तारखेला लाल गोल. तो पण आईनंच केला. नळी काढायचीच विसरतात काही जण, महिनोन्‌महिने, मग त्या नळीवरच खडे चढतात आणि ती काढायला परत मोठं ऑपरेशन.

माझी काढली तेव्हा जेल लावून पाच मिनिटांत बाहेर, एकदा चर्रर झालं बस. येताना ऑटोवाल्याला सांगायचं विसरलो, त्यानं एक खड्डा सोडला नाही.

त्या रात्री कमर जरा ठणकली, गोळी घेतली, झोपलो. पहाटे कधीतरी कूलरमधलं पाणी संपलं आणि पंप कोरडा खडखडायला लागला, जाग आली ती त्यानं. घड्याळात पाहिलं तर साडेचार. बादली उचलायला मनाई होती मला अजून, आई उठायच्या आत परत डोळा लागला.